आधी ‘कोण?’ म्हणू द्या



ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या रविवारचं एक ठरलेलं कर्मकांड असतं आणि आपल्यातल्या कट्टर नास्तिकांनाही ते चुकलेलं नाही. सकाळचा चहा संपतो न संपतो तोच डोंबिवलीहून, साताऱ्याहून, नाशिकहून फोन येतो. “प्रिंट निघत नाहीये.” “हयातीच्या दाखल्याची ती साइट उघडतच नाही.” “कॉम्प्युटर सारखा अपडेट कर म्हणतोय, करू का?” मग आपण इकडे लॅपटॉप उघडतो, तिकडे आई-बाबा एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असं काहीतरी उघडतात, फोनवरून नऊ-दहा आकडे सांगितले जातात, त्यात “सात की साठ?” असा खल होतो, पडद्यावरचं चाक फिरत राहतं आणि शेवटी तिकडे एक खिडकी उमटते: अमुक व्यक्ती तुमचा कॉम्प्युटर पाहू इच्छिते, परवानगी आहे का? आई विचारते, “आता काय दाबू?”

हे सगळं पार पडायला दहा मिनिटं जातात आणि मूळ काम दोन मिनिटांचं असतं. म्हणून हल्ली आपल्या मंडळींत एक मत ऐकू येतं. ते असं की, या परवानग्या आणि हे थांबणं म्हणजे निव्वळ कटकट आहे. त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या भारतवारीत आई-वडिलांच्या कॉम्प्युटरवर कायमचा पासवर्ड बसवून यायचा. म्हणजे त्यांनी काहीही न दाबता, किंबहुना त्यांना न कळताही, आपण केव्हाही आत. प्रोग्रामांत याला ‘अनअटेंडेड अ‍ॅक्सेस’ म्हणतात. अनेकांनी तसं केलेलंही आहे.

मला हे मत पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या दहा मिनिटांचा हिशेब मांडू, कारण त्यातला सगळा उशीर एका जातीचा नाही. काही भाग तारेचा आहे. घरातला राउटर हा सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो: आतल्याला बाहेर जाऊ देतो, पण बाहेरून आलेल्याला आतून कुणी बोलावलं नसेल तर फाटकातच अडवतो. आपलं घर आणि आईचं घर, दोन्हीकडे असा वॉचमन. त्यामुळे दोन्ही कॉम्प्युटर आधी आपापल्या घरातून बाहेर पडून कंपनीच्या सर्व्हरवर भेटतात, ते आकडे म्हणजे या भेटीचा पत्ता, आणि मग थेट वाट मिळते का ते पाहतात. मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर आईच्या पडद्याचं चित्र आधी कंपनीच्या मशीनवर जाणार आणि तिथून वळसा घेऊन आपल्याकडे येणार. लंडन ते मुंबई हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचा चौदावा भाग तरी गेलाच. त्याहून लवकर काही ब्रह्मदेवालाही जमणार नाही. शिवाय तारा सरळ जात नाहीत. भूमध्य समुद्र, इजिप्त, तांबडा समुद्र अशी त्यांची वाट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या, तेव्हा भारत-पाकिस्तानपर्यंत इंटरनेट मंदावलं होतं. त्यात आईकडचं दुबळं वाय-फाय आणि जुना लॅपटॉप. हा उशीर कमी करणं इंजिनिअर मंडळींचं काम आहे. त्यांनी तो जरूर कमी करावा.

काही भाग व्यापाराचा. फुकट आवृत्ती वापरणाऱ्याला ‘तुम्ही धंद्यासाठी वापरता असा संशय आहे’ म्हणून पाच मिनिटांत हाकलायचं, किंवा उगीच ताटकळत ठेवून विकतच्या आवृत्तीची जाहिरात दाखवायची, हे प्रकार काही कंपन्या करतात. आईचा प्रिंटर दुरुस्त करणं हा कुठला धंदा, हे त्यांनाच ठाऊक. या उशिराबद्दल बोंब मारावी तितकी थोडी.

उरलेला उशीर माणसाचा आहे. आईने चष्मा शोधायचा, खिडकी वाचायची, विचार करायचा आणि ‘हो’ म्हणायचं. माझा सगळा वाद याच उशिराबद्दल आहे.

हे प्रश्न कुणी गंमत म्हणून घातलेले नाहीत. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर ‘रिमोट असिस्टन्स’ आलं. त्यात मदत हवी असलेल्याने आधी निमंत्रण पाठवायचं, मग समोरच्याला फक्त पाहू द्यायचं की नाही ते सांगायचं, आणि माउस हातात द्यायचा का, याची परवानगी पुन्हा वेगळी. एस्केपची कळ दाबली की पाहुण्याच्या हातातला माउस सुटला. घरमालक कोण आणि पाहुणा कोण, याबद्दल त्या जुन्या प्रोग्रामच्या मनात गोंधळ नव्हता. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि त्याबरोबर पडदा मंद करून मधोमध ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?’ असं विचारणारी खिडकी आली. दूरवरून मदत करणाऱ्याला ती सर्वांत छळते, कारण मदतीचा प्रोग्राम तिकडे रीतसर बसवलेला नसून नुसता चालवलेला असेल, तर ती खिडकी येताच इकडे पडदा काळा पडतो. आपण “काय झालं? दिसत नाहीये!” म्हणून ओरडतो. पण ते तसंच असायला हवं. ती खिडकी मुद्दाम अशा जागी उघडते जिथे इतर कुठला प्रोग्राम पोहोचत नाही, म्हणजे ‘हो’चं बटण त्या खुर्चीत बसलेल्या माणसालाच दाबता येतं. अ‍ॅपलने तर २०२४च्या सिक्वोया आवृत्तीत पडदा टिपणाऱ्या प्रोग्रामांची परवानगी महिन्या-महिन्याने पुन्हा विचारायला सुरुवात केली. लोक वैतागले. मीही वैतागले असते, पण आमच्या घरी मॅक नाही.

आता इथल्याच एका परिचितांच्या वडिलांची गोष्ट सांगते. गाव-नाव सांगत नाही. वय ७८, निवृत्त हिशेबनीस, आयुष्यात कुणाचा एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. त्यांना मोबाइलवर मेसेज आला की बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, अमुक अधिकाऱ्याशी संपर्क साधा. त्यांनी साधला. अधिकारी अतिशय नम्र आणि शुद्ध मराठीत बोलत होता. त्याने एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं, आकडे विचारले, आणि खिडकी आली तेव्हा काकांनी क्षणाचाही विलंब न लावता ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं. नंतर मुलाने डोक्याला हात लावून विचारलं, “बाबा, वाचलं का नाही तुम्ही?” काका म्हणाले, “तूच तर सांगितलं होतंस. खिडकी येईल, वाचत बसू नका, हिरवं बटण दाबा.”

बचतीतली मोठी रक्कम गेली. त्याहून मोठं नुकसान असं की काका आता बँकेचं कुठलंच काम स्वतः करत नाहीत. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस पासबुक भरायलाही सुनेला बरोबर नेतो.

या गोष्टीत मुलाला दोष देणं सोपं आहे, पण रविवारी सकाळी आपल्यापैकी कितीजण वेगळं काय सांगतात? “आई, ते सोड गं, ओके कर. पुढे. ओके. परत ओके.” दर रविवारी आपण आपल्या वडीलधाऱ्यांकडून न वाचता होकार देण्याचा रियाज करून घेतो. आणि जो प्रश्न पन्नास वेळा निरर्थक ठरला, तो एक्कावन्नाव्या वेळी खरा असला तरी कुणाला ऐकू येत नाही.

चोराने काही नवीन शोधलेलं नाही. तो आपल्याच पायवाटेने येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क वापरून होणाऱ्या लुबाडणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. त्याआधी, मार्च २०१७ मध्ये, आपल्या इथे टॉकटॉक या इंटरनेट कंपनीने आपल्या जाळ्यावर टीमव्ह्यूअरच बंद करून टाकलं होतं, कारण कंपनीचे कर्मचारी असल्याचं भासवून ग्राहकांना गंडवलं जात होतं. प्रामाणिक वापर करणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि बंदी थोड्याच काळात उठली. प्रोग्राम दोन्हीकडे तोच. हिंजवडीत रात्रपाळीला बसून लीड्समधल्या कारकुनाचा अडकलेला ई-मेल सोडवणारी मुलगीही याच जातीची साधनं वापरते, आणि ती मुलगी बहुधा आपल्या कुणाची तरी भाची असते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथून अमेरिकेतल्या लोकांना करवसुलीच्या नावाखाली धमकावलं जात होतं. तिथेही फोनवर बसलेली पोरं विशी-पंचविशीतली, नोकरी म्हणून आलेली होती. तेव्हा आवाज शिकलेला आहे, बोलणं आदबशीर आहे, मराठी आपल्यासारखं आहे, एवढ्यावरून आईने माणूस ओळखावा अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

खिडकीवर दिसणाऱ्या नावावरून तर नाहीच नाही. अनेक प्रोग्रामांत समोरच्याने स्वतःला दिलेलं नावच तिथे उमटतं. मी उद्या ‘बँक मदत कक्ष’ असं नाव लावलं तर आईला तेच दिसेल. त्याखाली बारीक अक्षरांत परवानग्यांची यादी असते: माउस-कीबोर्ड, आवाज, फाइलींची ने-आण. ती कुणी वाचत नाही. मालकाचा पडदा काळा करून मागे काम चालू ठेवायची सोयही काही प्रोग्रामांत आहे. कार्यालयांसाठी ती ठीक असेल, पण घरात तिचं काय काम आहे?

आता त्या कायमच्या पासवर्डकडे येते. चोरी हा त्यातला अर्धाच धोका आहे. साताऱ्याला माझी मावशी असते, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिच्या कॉम्प्युटरवर मी दर पंधरा-वीस दिवसांनी जाते. तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं आहे, “येण्याआधी फोन कर, मी आवरून घेते.” आवरून घेते म्हणजे काय करते, हे मी विचारलेलं नाही. चार-पाच मिनिटं लागतात. कधी अर्धवट लिहिलेलं पत्र बंद करत असेल, कधी कुणाशी चाललेलं बोलणं, कधी औषधांची माहिती शोधत बसली असेल आणि ती मला कळायला नको असेल. त्या चार मिनिटांत मी इकडे माझा चहा पिते. मग ती म्हणते, “हं, ये आता.”

ज्याच्याकडे कायमचा पासवर्ड आहे, तो ही चार मिनिटं तिच्याकडून काढून घेतो. आपण सगळे संमतीबद्दल बोलणारी माणसं आहोत. मुलींच्या, कामगारांच्या, रुग्णांच्या संमतीबद्दल आपण परिसंवाद घेतले, पत्रकं काढली. नोकरीच्या लॅपटॉपवर कंपनीने नजर ठेवणारा प्रोग्राम बसवला की आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. मग ७५ वर्षांच्या बाईच्या घरात, तिच्या पत्रांत, तिच्या बँकेच्या खात्यात मुलाने न विचारता डोकावणं हे प्रेमाखाली का मोडतं? “आईचं काय गुपित असणार?” असं एकाने मला हसत विचारलं. असणार, आणि असावं. तिच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असते, ती आपल्या सोयीसाठी नव्हे.

अर्थात अपवाद आहेत. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी कायमची वाट ठेवावी लागते. तीही त्यांना समजत असताना, त्यांच्याशी बोलून, आणि शक्य असेल तर घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवलेली बरी. माझा वाद ज्यांचं डोकं आपल्याइतकंच चालतं त्यांच्याबद्दल आहे. बहुतेकांचं चालतं.

गंमत म्हणजे, आपण ज्या उशिराला शिव्या घालतो तोच उशीर आता मुद्दाम परत आणला जातो आहे. २०२५ मध्ये गूगलने ब्रिटनमध्ये काही बँकांबरोबर एक प्रयोग केला. अनोळखी नंबरावरच्या माणसाशी बोलता बोलता, पडदा त्याला दिसत असताना, तुम्ही बँकेचं अ‍ॅप उघडलंत तर अँड्रॉइड फोन मोठा इशारा देतो आणि ३० सेकंद पुढे जाऊ देत नाही. भारतातही त्याच वर्षी पेटीएम, नावी आणि गूगल पे यांच्याबरोबर अशा इशाऱ्याची चाचणी सुरू झाली. तीस सेकंद कशासाठी? कारण फसवणुकीचा सगळा खेळ घाईवर चालतो. ‘आज रात्री साडेनऊ’ हे त्यातलं मुख्य हत्यार. अर्धा मिनिट शांतता मिळाली की माणूस स्वतःशीच म्हणतो, अरे, पण बिल तर मी भरलं होतं.

ब्रिटनच्या कायद्यानेही हे मान्य केलं आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून ग्राहकाच्याच हातून देशातल्या देशात पैसे पाठवायला लावले असतील तर बँकांनी ते ८५,००० पौंडांपर्यंत भरून द्यायचे आहेत. त्याच महिन्याअखेरीस दुसरा बदल झाला: फसवणुकीचा सबळ संशय असेल तर बँकेला रक्कम आणखी ७२ तासांपर्यंत रोखून धरता येते. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाने, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ त्याने पासवर्ड-पिन दुसऱ्याला दिल्यामुळे, नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा भार ग्राहकावरच टाकला होता. लंडनमध्ये फसलेल्या सासऱ्यांना बँक ‘बळी’ म्हणते, साताऱ्यातल्या सासऱ्यांना ‘निष्काळजी’. हिरवं बटण दोघांनी सारख्याच भाबडेपणाने दाबलेलं असतं. ज्या देशात पैसे परत मिळण्याची खात्री कमी, तिथे दारावरची कडी आणखी घट्ट हवी. आणि आपण इथे बसून ती काढून टाकायला निघालो आहोत.

आपलं दार वाजलं की आई आतून काय म्हणते? दार उघडायच्या आधी ती “कोण?” म्हणते. “मी” एवढ्यावर ती उघडत नाही, “मी कोण?” असं पुन्हा विचारते. कॉम्प्युटरवरची खिडकी हाच प्रश्न विचारायचा प्रयत्न करते, फक्त फार वाईट रीतीने विचारते. बहुतेक घरांत ती इंग्रजीत असते. ‘रिमोट’, ‘सेशन’, ‘अ‍ॅक्सेस’, ‘होस्ट’ हे शब्द इंग्रजी चांगलं येणाऱ्या निवृत्त प्राध्यापकालाही काही सांगत नाहीत. आणि जिथे मराठी असते तिथे ती कोशातून उचललेली, ‘दूरस्थ सत्रास अनुमती द्या’ थाटाची. माझ्या मुख्याध्यापिका मावशीलाही तिचा अर्थ मला फोन करून विचारावा लागतो. जी परवानगी समजली नाही ती परवानगी कसली?

म्हणून माझं म्हणणं आहे की प्रश्न काढू नका, तो नीट विचारायला लावा. तोवर घरात करण्यासारखं बरंच आहे. कायमचा पासवर्ड असेल तर या रविवारीच काढून टाका, आणि काढल्याचं आई-बाबांना सांगा. फोन त्यांनी आपल्याला करायचा, आपल्या नेहमीच्या नंबरावर. कुणी स्वतःहून फोन करून मदत देऊ लागला तर तो कुणीही असो, ठेवून द्यायचा. खिडकी आली की त्यांना ती मोठ्याने वाचायला सांगा, चुकत-माकत का होईना, आणि आपण गप्प बसा. फाइलींची परवानगी लागत नसेल तर तिची खूण काढायला त्यांनाच सांगा. काम झालं की जोडणी त्यांनीच तोडायची, म्हणजे ती तोडता येते हे हाताला ठाऊक राहतं. आणि काही विपरीत घडलंच तर १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा; पहिल्या तासाभरात केलेल्या फोनने पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फारशी उरत नाही.

आपल्यातली बरीच मंडळी सॉफ्टवेअरमध्ये आहेत. काहीजण अशा कंपन्यांत आहेत जिथे या खिडक्यांवरचे शब्द ठरतात, काहींचे मित्र तिथे आहेत. त्यांच्यासाठी मी मराठी खिडकीचा एक मसुदा केला आहे. तो असा: “दुसरा माणूस तुमच्या कॉम्प्युटरवर येऊ पाहत आहे. तुमच्या पडद्यावरचं सगळं त्याला दिसेल आणि तुमचा माउस त्याला हलवता येईल. वर दिसणारं नाव त्याने स्वतः लिहिलं आहे, ते खरं असेलच असं नाही. या माणसाला तुम्ही स्वतः फोन करून बोलावलं आहे का?” खाली दोन बटणं, दोन्ही सारख्याच आकाराची आणि एकाच रंगाची: ‘हो, मी बोलावलं आहे’ आणि ‘नाही, येऊ देऊ नका’. आणि बटणं उमटायच्या आधी वीस सेकंद काहीच दाबता येणार नाही.

मावशीला हा मजकूर फोनवर वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि ‘माणूस’च्या जागी ‘व्यक्ती’ घाल म्हणाली, कारण चोर बाईही असू शकते. बाकी तिला पटलं. सुधारलेला मसुदा ज्यांना आपल्या कंपनीत पुढे न्यायचा असेल त्यांनी या पत्राला उत्तर लिहावं, लगेच पाठवते.

– संपादक